मधुमेहाची चाहूल आणि आपल्या सबबी

काझीपेठेहून बल्लारशाकडे जाणारी आगगाडी मंचिर्याल आणि मंदमर्री मागे टाकून बेल्लमपल्लीच्या फलाटाला लागली, की उन्हाळ्याच्या दिवसांत तरी उतारूला गावाच्या आधी गावाचा उष्मा भेटतो. १९२९ साली हा लोहमार्ग अखंड जोडला गेला आणि त्याच्या आधाराने येथला कोळसा दूरदूरच्या मुलखांत जाऊ लागला. त्या कोळशाच्या ओढीने जी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली त्यांत राजुरा, किनवट आणि चंद्रपूर या बाजूंची मराठी कुटुंबेही होती. त्यांपैकीच एक माझ्या थोरल्या मामांचे. मामा खाणीत टिंबरमन होते, म्हणजे भुयाराच्या छताला लाकडी टेकू देण्याचे जोखमीचे काम त्यांच्याकडे असे, आणि नोकरीच्या उत्तरकाळात त्यांना वर, कॅप-लँप देण्याघेण्याच्या खोलीत बसते काम मिळाले होते. सुट्टीत आम्ही भाचेमंडळी त्यांच्या क्वार्टरमध्ये जात असू. अशाच एका मे महिन्यातले मामींचे वाक्य मला अद्याप आठवते: “अहो, सकाळपासून हा दुसरा माठ भरला मी.” त्यावर मामांचे उत्तर तयार होते: “पारा पंचेचाळिसावर गेलाय, पाणी नको पिऊ तर काय करू?” उत्तर इतके रास्त होते की मामी गप्प बसल्या, आम्हीही त्यात काही शोधावे असे आम्हांला वाटले नाही, आणि त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, डाव्या पायाचे बोट कापून टाकण्याची वेळ आली तेव्हा, त्यांच्या रक्तात साखर असल्याचे प्रथम उघडकीस आले.

मधुमेहाच्या पूर्वलक्षणांच्या याद्या दवाखान्यांच्या भिंतींवर ठिकठिकाणी लावलेल्या आढळतात, आणि त्या चुकीच्या असतात असे मुळीच नाही. अतितृषा, वारंवार लघवी, अकारण वजन घटणे, थकवा, जखमा न भरणे, दृष्टी अंधुक होणे ही नावे शाळकरी मुलालाही सांगता येतील. तरीसुद्धा त्या याद्या पाठ असणारी शहाणीसुरती माणसे फसतात याचे कारण मला असे वाटते की, यादीतले लक्षण घरात येते तेव्हा ते आपल्या गावाच्या, आपल्या धंद्याच्या आणि आपल्या वयाच्या वेषात येते, आणि त्या वेषामुळे त्याला एक मामुली सबब आयतीच मिळते. बेल्लमपल्लीत तहानेला उन्हाची सबब आहे, थकव्याला रात्रपाळीची, मानेच्या काळेपणाला कोळशाच्या भुकटीची, रात्री उठण्याला उतारवयाची आणि पायाच्या बधिरतेला जड बुटांची. म्हणून लक्षणांची नावे पुन्हा एकदा मोजून दाखविण्यापेक्षा, यांतील प्रत्येक सबब खरी की खोटी याची तहकिकात घरच्या घरी कशी करावी, हे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

प्रारंभ तहानेपासूनच करू. निरोगी शरीरात मूत्रपिंडे रक्तातली साखर गाळून पुन्हा रक्तात परत घेतात आणि लघवीवाटे ती वाया जाऊ देत नाहीत. परंतु रक्तातील साखर दर डेसिलिटरला साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की ही परतफेड त्यांच्या आवाक्याबाहेर जाते, उरलेली साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणीही आपल्याबरोबर ओढून नेते. म्हणजे मधुमेह्याची तहान ही लघवीच्या पाठोपाठ येते. आधी शरीरातून पाणी जाते आणि मग घसा कोरडा पडतो. उन्हाच्या तहानेचा क्रम याहून अगदी निराळा आहे. उन्हात पाणी घामावाटे जाते, त्यामुळे शरीर लघवी आखडून धरते. ती थोडी होते, गडद पिवळी होते, कित्येकदा जळजळते. एवढी एक तफावत ध्यानात ठेवली तर उन्हाळ्याची सबब तपासण्यास कोणत्याही यंत्राची आवश्यकता राहत नाही. तहान पुष्कळ आणि लघवी थोडी व गडद, तर दोष उन्हाचा असण्याचा संभव अधिक. तहान पुष्कळ आणि लघवीही पुष्कळ, तीही पाण्यासारखी फिकी, आणि विशेषतः हाच प्रकार सावलीत बसूनही किंवा पहिला पाऊस पडून हवा निवल्यावरही चालू राहिला, तर त्या तहानेची चौकशी रक्ताच्या तपासणीनेच झाली पाहिजे. मामांचा दुसरा माठ भरला जात होता त्या दिवसांत ते दर तासा-दीड तासाला अंगणापलीकडे उठून जात, हे आम्ही सर्वांनी पाहिले होते. पाहिलेल्या दोन गोष्टी एकमेकींना जोडून पाहण्याचे मात्र कोणास सुचले नाही.

आपल्या प्राचीन वैद्यांनी ही जोडणी फार पूर्वी केली होती. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले, त्यांतील चार वातज प्रकारांत मधुमेहाची गणना केली, आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात ही खूणही नोंदून ठेवली; युरोपात मॅथ्यू डॉबसन या इंग्रज वैद्याने असे मूत्र आटवून त्यातील साखर प्रत्यक्ष दाखविली ती १७७६ साली. मोरीपाशी मुंग्या लागतात की नाही हे आजही खेड्यापाड्यांतील वडीलधारी माणसे पाहतात, आणि लागत असतील तर ती खूण उडवून लावू नये. मात्र मुंग्या नाहीत म्हणून साखर नाही असा उलटा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. साखर १८० च्या खाली राहूनही मधुमेह असू शकतो, आणि वय वाढते तशी मूत्रपिंडांची ही मर्यादाही वर सरकते. त्यामुळे कित्येक वृद्धांच्या रक्तात साखर भरपूर असूनही लघवी आणि तहान या दोन्ही बाबतींत काहीच विशेष जाणवत नाही.

रात्री उठावे लागण्याचा प्रश्न वृद्धांच्या बाबतीत आणखी एका कारणाने अवघड होतो. पन्नाशी-साठीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि तिच्यामुळेही रात्रीत तीनतीन वेळा उठावे लागते. येथे संख्येकडे न पाहता प्रमाणाकडे पाहावे. ग्रंथीच्या विकारात लघवी थोडी थोडी, अडखळत, धार बारीक होऊन येते आणि उरली आहे असे वाटत राहते. साखरेच्या विकारात ती प्रत्येक खेपेस भरपूर आणि मोकळी होते. दोन्ही विकार एकाच माणसास असू शकतात, हे सांगण्याची गरज नसावी.

वजन घटण्याच्या लक्षणाविषयी मला अंमळ विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण याच लक्षणाने आपल्या लोकांची सर्वांत अधिक दिशाभूल होते. पोट सुटलेला माणूस चार-सहा महिन्यांत आपोआप उतरला, तर घरचे लोक आनंद मानतात. पँटीला पट्टा लावावा लागला म्हणून त्याचे कौतुक होते. परंतु व्यायाम वाढविलेला नाही, जेवण कमी केलेले नाही, उलट भूक वाढलेली आहे, आणि तरी माणूस झडत चालला आहे, याचा अर्थ असा की खाल्लेले अन्न रक्तापर्यंत पोहोचते आणि तेथून पेशींत न शिरताच लघवीवाटे निघून जाते. मग शरीर आपलीच चरबी आणि आपलेच मांस जाळून गुजराण करू लागते. खाणींच्या मुलखात माणूस असा झडू लागला की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो येणे योग्यच आहे. खोकला असेल तर थुंकीची तपासणी अवश्य करावी. फक्त त्या तपासणीपाशी थांबू नये. कारण मधुमेह असलेल्या माणसास क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातही क्षयाच्या प्रत्येक रुग्णाचे रक्त साखरेसाठी तपासावे असा दंडक आहे. क्षय निघाला म्हणजे वजनाचा हिशेब पुरा लागला, असे समजणाऱ्या कुटुंबांना पुढे क्षयाची औषधे चालू असूनही माणूस का सावरत नाही हे कोडे पडते, आणि त्या कोड्याचे उत्तर बहुधा न तपासलेल्या रक्तात असते.

थकव्याविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण थकवा हे अनेक रोगांचे आणि त्याहून अनेक संसारांचे लक्षण आहे. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाची झोप तुटते, जेवणाची वेळ ढळते, आणि पाळीच्या कामाने मधुमेहाचा धोका स्वतंत्रपणेही वाढतो असे अनेक देशांतील निरीक्षणांतून दिसून आले आहे. म्हणजे येथे सबब आणि रोग हे एकमेकांचे सोबतीच आहेत. कसोटी एवढीच की, सलग दोन-तीन दिवसांची सुट्टी मिळून पोटभर झोप झाल्यावरही अंगातली मरगळ जात नसेल, तर ती पाळीच्या नावे लिहू नये. दृष्टीबद्दल मात्र एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. साखर वाढली की डोळ्यातील भिंग फुगते आणि नजर धूसर होते, साखर उतरली की भिंग पूर्ववत होऊ लागते. म्हणून ज्याच्या चष्म्याचा नंबर एका वर्षात दोनदा बदलला, किंवा ज्याला एका आठवड्यात दिसते आणि पुढच्या आठवड्यात दिसत नाही, त्याने नवा चष्मा करण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. साखर स्थिरावण्याआधी केलेला चष्मा बहुधा वाया जातो.

आता मानेविषयी. मामांचे बोट जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी, ते भुयारात उतरत होते त्या काळात, मामी रविवारी त्यांच्या मानेला शिकेकाई लावून घासत आणि म्हणत, “कोळसा अगदी कातड्यात मुरलाय यांच्या.” मानेच्या मागे, काखेत, कधी जांघेत त्वचा काळसर, जाड आणि मखमलीसारखी होते, तिच्यावर बारीक मोड येतात, आणि साबणाने ती उजळत नाही, ही मळाची नव्हे, इन्सुलिनची खूण असते. शरीरातील पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते अधिकाधिक तयार करू लागते, आणि त्या फाजील इन्सुलिनच्या उत्तेजनाने त्वचेच्या पेशी वाढतात. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, ही खूण साखर वाढण्याच्याही आधी, कित्येकदा अनेक वर्षे आधी दिसते, आणि आता ती स्थूल होत चाललेल्या मुलांच्या मानेवरही दिसू लागली आहे. कोळशाची भुकटी कपाळावर, कानांत, हातांवर सगळीकडे सारखी बसते आणि दोन अंघोळींत जाते. केवळ मानेच्या आणि काखेच्या घडीत काळेपणा टिकून राहत असेल, तर भुकटीवर ठपका ठेवण्याचे कारण उरत नाही. ज्या टप्प्यावर आहार आणि श्रम यांनी रोग पुष्कळ अंशी पुढे ढकलता येतो, त्या टप्प्यावर भेटणारी ही जवळजवळ एकमेव दृश्य खूण होय, आणि आमच्या घरात ती दर रविवारी घासली जात होती.

त्वचेच्याच प्रांतातील आणखी काही तक्रारी संकोचामुळे दडवल्या जातात. गुप्तांगाची खाज, स्त्रियांना पुनःपुन्हा होणारा पांढरा स्राव, पुरुषांना शिश्नाग्रावर येणारी लाली आणि चिरा, हे बुरशीचे उपद्रव साखरेवर पोसतात. मलम लावून ते महिनाभर थांबतात आणि पुन्हा उद्भवतात. तिसऱ्यांदा मलम मागण्याची वेळ आली की रक्त तपासावे, हा नियम स्त्रियांनी आपल्या लेकीसुनांना मोकळेपणाने सांगावा. मानेवर किंवा पाठीवर वारंवार येणारी गळवे, अनेक तोंडांचे मोठे फोड, हिरड्यांची सूज आणि हलणारे दात, पुरुषत्वातील उणीव, खांदा आखडणे, यांपैकी प्रत्येकाला अन्य कारण असू शकते. पण यांतील दोन तक्रारी एकाच माणसात एकत्र आढळल्या, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

मामांच्या बुटाचा तळ झिजून त्यातून एक खिळा वर आला होता. तो डाव्या करंगळीशेजारच्या बोटाखाली टोचत होता, आणि मामांना त्याचा पत्ता नव्हता. घरी येऊन बूट काढल्यावर मोजा रक्ताने भिजलेला दिसला तेव्हा ते स्वतःच चकित झाले, आणि दुखत नाही म्हणजे जखम किरकोळ आहे असा अर्थ त्यांनी काढला. वस्तुतः दुखत नाही हीच त्या जखमेतील सर्वांत भयंकर गोष्ट होती. दीर्घकाळ वाढलेली साखर सर्वांत लांब मज्जातंतूंना प्रथम इजा करते, म्हणून बधिरता तळपायांपासून सुरू होऊन मोजा चढावा तशी दोन्ही पायांत वर सरकते; आरंभी मुंग्या येतात, रात्री तळपाय जळजळतात, जमीन कापसाची झाल्यासारखी वाटते, चप्पल पायातून निघून गेलेली कळत नाही. मग एक दिवस काहीच वाटेनासे होते आणि तो माणूस सुटलो म्हणतो. येथे आपल्या मुलखाची एक विशेष सूचना दिली पाहिजे. बल्लारशाच्या पलीकडे वरोऱ्यास बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली ती ज्या रोगासाठी, तो कुष्ठरोगही त्वचेला बधिर करतो. परंतु त्याची बधिरता बहुधा एखाद्या फिकट किंवा तांबूस चट्ट्यापुरती, एका बाजूची असते, तर साखरेची दोन्ही पायांत समसमान. कोणतीही असो, बधिर कातडे डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे, आणि दोन्ही रोगांवर आज उपचार आहेत.

पायांची संवेदना पाहण्याची एक साधी रीत इंग्लंडातील इप्सविच येथील डॉक्टरांनी प्रचारात आणली, ती कोणाही घरात करता येते. माणसाने पाय पसरून डोळे मिटावेत. घरातील दुसऱ्याने आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, एकेका क्षणापुरते, न दाबता, न चोळता, केवळ टेकवावे, आणि स्पर्श कळला की डावा-उजवा सांगावयास लावावे. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर त्या पायांची राखण यापुढे डोळ्यांनीच करावी लागणार, असे समजून त्वरित सल्ला घ्यावा. मामींनी ही परीक्षा एकदा केली असती तर खिळ्याची वाट पाहावी लागली नसती. पण ती कोणी त्यांना शिकविली नव्हती.

इथवर जी लक्षणे सांगितली ती सारी ओळखता येणारी आहेत. याहून कठीण गोष्ट ही की, मधुमेहाचा जो प्रकार प्रौढांत सर्वत्र आढळतो तो पहिली काही वर्षे बहुधा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. इंग्लंडात १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, रोगाचे निदान नव्यानेच झालेल्या माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या शरीरात डोळा, मज्जातंतू, रक्तवाहिनी असे काही ना काही आधीच बिघडलेले आढळले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत; गोव्यात तर प्रौढांपैकी २६.४ टक्के लोकांना हा विकार आढळला. इतक्या माणसांपैकी प्रत्येकाने तहान लागेपर्यंत थांबावे, हे परवडणारे नाही.

म्हणून लक्षण नसतानाही कोणी तपासणी करावी, याचा अदमास घेण्यासाठी मद्रासच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक गुणपद्धती मांडली, तिच्यासाठी फक्त एक मोजपट्टी लागते. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० किंवा अधिक असेल तर ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर किंवा स्त्रीची ८० ते ८९ सेंटिमीटर भरली तर १०, त्याहून अधिक तर २०. आईवडिलांपैकी एकास मधुमेह असेल तर १०, दोघांस असेल तर २०. श्रम अथवा व्यायाम कष्टाचा असेल तर शून्य, मध्यम असेल तर १०, हलका असेल तर २०, आणि बैठे जीवन असेल तर ३०. बेरीज ६० किंवा अधिक झाली की धोका मोठा. मी मामांचा हिशेब पुढे कैक वर्षांनी मांडून पाहिला. पन्नाशीचे ३०, कमरेचे १० आणि आजीच्या मधुमेहाचे १० मिळून ५०. भुयारात टेकू देत होते तोवर श्रमाचा शून्य, आणि लँपच्या खोलीत बसू लागले त्या महिन्यापासून हलक्या श्रमाचे २०, म्हणजे एकूण ७०. ही बेरीज आज सबंध गावाने करून पाहण्याजोगी आहे. भूमिगत खाणींचे दिवस सरत आले, उघड्या खाणींत यंत्रे आली, निवृत्त झालेले कामगार घरी बसले, आणि शरीर मात्र टोपल्या भरणाऱ्या माणसाचेच जेवण मागत राहिले. ताटातला भात, दुधासाखरेचे पाच-सहा चहा आणि हंगामातली गोड ताडी यांचा जमाखर्च पूर्वी घामाने चुकता होत असे. आता ती बाकी दर महिन्यास वाढत जाते.

मी तर लुकडा आहे, मला कसली शुगर, असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण द्यावे लागेल. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि आपले इंग्रज स्नेही जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. दोघांचेही उंचीच्या प्रमाणातील वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. बाहेरून सडपातळ दिसणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो, आणि पुण्याजवळच्या खेड्यांतील बालकांवर केलेल्या त्यांच्या संशोधनावरून ही गोष्ट जन्मापासूनच खरी असल्याचे दिसते. म्हणून वजनकाट्यावर विसंबून न राहता कंबर मोजावी, आणि तिशी उलटलेल्या प्रत्येकाने, लक्षण असो वा नसो, तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी तिशीपासूनच केली जाते. खाण कामगारांच्या मुदतवार वैद्यकीय तपासणीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, १९५५ च्या खाण नियमांनी दोन तपासण्यांमधील अंतर पाच वर्षांपर्यंत चालेल असे ठरविले होते, आणि पाच वर्षे हा साखरेच्या दृष्टीने फार मोठा काळ आहे.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र महिने आणि वर्षे यांची भाषाच लागू पडत नाही. मुलांचा मधुमेह बहुधा इन्सुलिन अजिबात तयार न होण्याचा असतो आणि तो आठवड्यांत वाढतो. अंथरूण ओले करणे सोडून दिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, सारखे पाणी मागू लागले, खाऊनही सुकू लागले, तर त्याला रागावू नये, त्याच दिवशी रक्त तपासावे; आणि त्यातच उलट्या, पोटदुखी, खोल धापा आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास ही चिन्हे दिसली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठे रुग्णालय गाठावे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली, तोपर्यंत अशी मुले वाचतच नसत. आता ती वाचतात, शिकतात, संसार करतात, पण वेळेवर पोहोचली तर. गर्भवतींना लक्षणे क्वचितच जाणवतात, म्हणून पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी साखर पाहतात. ती १४० किंवा अधिक भरली तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. उपाशीपोटी जाण्याची अट या तपासणीला नाही, त्यामुळे जेवण झाले आहे म्हणून सुनेला परत पाठवू नये.

इतर प्रौढांचे आकडे असे: उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी, ज्याला लोक तीन महिन्यांची शुगर म्हणतात, ते ६.५ टक्के किंवा अधिक, तर मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर उंबरठा. लक्षणे ठळक असतील आणि कोणत्याही वेळी घेतलेली साखर २०० किंवा अधिक असेल तर निदान तिथेच होते; लक्षणे नसतील तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीने खात्री करून घेतात, आणि बोटातून थेंब घेऊन केलेल्या तपासणीवर निदान न करता शिरेतले रक्त प्रयोगशाळेत पाठवितात. उपाशीपोटी म्हणजे आठ तास पाण्याखेरीज काही नाही. रात्रपाळीहून सकाळी सुटलेला माणूस तसाच दवाखान्यात जातो आणि पहाटे चार वाजता घेतलेला चहा विसरतो. त्याने तपासणी सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर करावी. तपासणीच्या आधी तीन दिवस पथ्य पाळून चांगला रिपोर्ट मिळवणे ही स्वतःचीच फसगत होय.

एचबीए१सी विषयी या प्रदेशात एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस आहे असे गृहीत धरते. आदिलाबादच्या गोंडादी समाजांत आणि पलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचा विकार पुष्कळ आढळतो, त्यात या पेशी लवकर मरतात, आणि मग साखर असूनही आकडा खोटाच कमी निघतो. तीव्र रक्तक्षयातही हा आकडा बेभरवशाचा होतो. घरात सिकलसेलचा इतिहास असेल तर तो आधी सांगावा आणि उपाशीपोटीची व ग्लुकोजनंतरची साखर पाहण्याचा आग्रह धरावा.

राहता राहिली डॉक्टरांशी बोलण्याची गोष्ट. बेल्लमपल्ली २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता मंचिर्याल जिल्ह्यात आहे; गावात मराठी समजणारे पुष्कळ असले तरी तपासणीच्या खोलीत तेलुगूच चालते, आणि आपल्या जुन्या माणसांची कैफियत भाषांतरात हरवते. पायाला मुंग्या येतात हे शब्दशः तेलुगूत सांगितले तर ऐकणारा खऱ्याच मुंग्यांचा, ‘चीमलुं’चा अर्थ घेतो; तेथे ‘तिम्मिर्लु’ म्हणावे. जळजळीला ‘मंट’, तहानेला ‘दप्पिक’, आणि अशक्तपणाला ‘नीरसम्’ म्हणावे. आपल्या मराठीत नीरस म्हणजे रुक्ष, त्यांच्याकडे तोच शब्द गळून गेलेल्या माणसाचा. रात्री किती वेळा उठावे लागते तो आकडा, सहा महिन्यांपूर्वीचे आणि आजचे वजन, आईवडिलांपैकी कोणास शुगर होती, आणि चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, एवढे एका कागदात गुंडाळून बरोबर न्यावे. आणि आपली पाळी येण्यापूर्वीच बाकावर बसून बूट-मोजे काढून ठेवावेत, म्हणजे पाय पाहा असे डॉक्टरांना सांगावे लागत नाही.